फळीवरची बोली

ज्या मासिकाला वर्गणीदार नाहींत, जाहिराती नाहींत, टपालखर्च नाहीं, आणि ज्याच्या संपादकाला अद्याप मिसरूडही फुटलेली नाहीं, अशा एका नियतकालिकाचें परीक्षण करण्याचा प्रसंग गेल्या मे महिन्यांत आमच्यावर आला. 'नियतकालिक' हा शब्दही आम्ही जरा सैल हातानेंच वापरीत आहों. कारण पहिला अंक आंब्याच्या दिवसांत निघाला व दुसरा गणपतींत काढूं असें मंडळींनीं जाहीर केलें, एवढाच काय तो त्याचा काळ नियत. मधोमध दुमडलेले चार कागद, म्हणजे सोळा पानें, पाठीला दोन पिना, आणि अक्षर पाहावें तर कोठें कोंबडीचे पाय, कोठें मोत्यांची माळ. मूळ प्रत हातानें लिहिलेली. तिच्या पंचवीस प्रती झेरॉक्सच्या दुकानांत काढावयाच्या होत्या. किंमत दहा रुपये, 'आजोबांना फुकट'. अंकाचें नांव आम्ही येथें सांगत नाहीं. कां, तें पुढें कळेल.

दुकानांत जाण्यापूर्वीं वही आमच्यापुढें ठेवून नातू म्हणाला, "आजोबा, शुद्धलेखन तेवढें तपासून द्या." आम्हीं सारा जन्म मराठी शिकविण्यांत घालविला, तांबडी पेन्सिल आमच्या खिशांत अजून असते. पण पहिलें पान वाचून होतांच ती खिशांत तशीच राहिली, आणि पुढचे तीन दिवस आम्ही विचारांत पडलों.

अंकाचा विषय स्केटबोर्ड. अडीच फूट लांबीची, दोन्ही टोंकांस किंचित् वर वळलेली लांकडी फळी, तिच्याखालीं चार लहान चाकें, आणि तिजवर उभा राहून एका पायानें जमीन मागें लोटीत पुढें जाणारा मुलगा, एवढेंच तें यंत्र. नातवानें तें पुण्याहून आणिलें. आळींतल्या मुलांची त्याभोंवतीं गर्दी झाली खरी, परंतु त्यांना तें अगदींच अपूर्व वाटलें असें दिसलें नाहीं. कारण बेअरिंगची गाडी त्यांनीं नाहीं तरी त्यांच्या बापांनीं चालविलेली होती. मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांतून झिजलेलीं तीन बेअरिंगें मागून आणावयाचीं, फळीच्या मागें दोन व पुढें एक बसवावयाचें, पुढच्या आडव्या दांडीला सुतळी बांधून ती लगामासारखी धरावयाची, आणि उतारावरून स्वतःला देवाच्या हवालीं करावयाचें. तिचा खडखडाट असा कीं दुपारच्या झोपेंतलें अर्धें रत्नागिरी शिव्या देत उठावें. कॅलिफोर्नियांतल्या मुलांनीं १९५० नंतरच्या दशकांत रोलर-स्केटचीं चाकें फळीला ठोकून जें वाहन तयार केलें, तें आमच्या या गाडीचें चुलत भावंडच. पुढें १९७० नंतर तिकडे पॉलियुरेथेनचीं मऊ चाकें आलीं आणि त्या फळीला बरे दिवस आले. आमची गाडी लोखंडावरच राहिली व यथाकाळ भंगारांत गेली.

रत्नागिरी या खेळाला अनुकूल नव्हे. जांभ्याचा खडबडीत कातळ, चिऱ्यांच्या पाखाड्या, पावसाळ्याचे चार महिने जिकडे तिकडे शेवाळ. घाटी चढावी तर सडा, सडा उतरावा तर बंदर. सबंध आळींत काँक्रीट केलेला असा सत्तर-ऐशीं पावलांचा एकच उतार आहे. त्या उतारावर पंधरा दिवसांत एक नवी परिभाषा जन्मास आली. नातू जे शब्द घेऊन आला होता ते सारे इंग्रजी. पैकीं फारच थोडे टिकले. फळीच्या पुढच्या टोंकाला तो 'नोज' म्हणे. मिरकरवाड्याच्या बंदरांत ज्याचे वडील तांडेल आहेत अशा एका मुलानें दुसऱ्याच दिवशीं त्याचें 'नाळ' केलें. होडीच्या पुढच्या टोंकाला खलाशी तेंच म्हणतात. एकदां दर्यांतून शब्द आणावयाचे ठरल्यावर मग काय उणें? वेग आला म्हणजे 'भरती'. वेग सरला म्हणजे 'सुकती लागली'. फळी आडवी करून घसटत थांबावयाचें ती 'कुर्ली', कारण कुर्ली आडवी चालते. तोल जाऊन फळीमागें फरफटत गेला तर 'रापण'. सपशेल आपटला तर 'फणस'. ढोपर फुटलें तर 'कोकम झालां'. सर्वांच्या पुढें असतो तो अर्थातच 'तांडेल'. जो स्वतः कांहीं न करतां नुसता गडग्यावर बसून उपदेश करतो त्याच्यासाठींही एक शब्द आहे. परंतु बहुतेक संध्याकाळीं त्या गडग्यावर आम्हीच बसत असल्यामुळें तो येथें देत नाहीं.

अंकांतला एक वृत्तांत संपूर्ण असा आहे: "वाईच भरती आली. नाळ उचलली. नि समोर म्हस. फणस." काटकसर म्हणून जी म्हणतात ती अशी. निबंधाच्या तासाला आम्हीं वर्षानुवर्षें जें शिकविण्याचा यत्न केला, तें या मुलाला कोणीं शिकविलें, देव जाणे. याच मुलाला शाळेंत उभें केलें तर एक अक्षर बोलत नाहीं असें समजतें. बोललें कीं वर्ग हंसतो, म्हणून बोलत नाहीं. अंकाचीं सोळांपैकीं सात पानें त्याच्या हातचीं आहेत.

याच अंकांत एका मुलीची तक्रारही आहे कीं, फळी तिच्या हातीं येईपर्यंत दिवेलागण होते. मध्यप्रदेशांत पन्ना जिल्ह्यांतल्या जनवार नांवाच्या खेड्यांत २०१५ सालीं एका जर्मन बाईंनीं या खेळाचें मैदान बांधलें आणि तेथें 'मुली आधीं' हा नियमच घालून दिला. हा दाखला आम्हीं त्या मुलीला गुपचूप पुरविला आहे. दुसऱ्या अंकांत त्याचा उपयोग होईल असें वाटतें.

अंक काढण्याची कल्पना मात्र या मुलांची स्वतःची नव्हे. नातवाच्या पिशवींत तीन-चार परदेशी चोपडीं होतीं. त्यांस तिकडे 'झीन' म्हणतात. अमेरिकेंतले विज्ञानकथांचे वेडे वाचक १९३० पासून स्वतःचीं चोपडीं चक्रमुद्रित करून एकमेकांस धाडीत असत. त्यांना १९४० मध्यें 'फॅनझीन' हें नांव मिळालें, व त्याचेंच हें शेपूट. स्केटबोर्डवाल्यांना त्याची गरज कशी पडली हें समजून घेण्यासारखें आहे. १९८० च्या सुमारास तिकडे हा खेळ एकाएकीं बसला. मैदानें बंद पडलीं, 'स्केटबोर्डर' या मोठ्या मासिकानें नांव व विषय पालटला, आणि जे थोडे हट्टी उरले त्यांना आपली खबर कोठें वाचावी हें कळेना. सॅन फ्रान्सिस्को येथें १९८१ सालीं 'थ्रॅशर' हें नवें मासिक निघालें तें खरें. पण त्याच सालीं सिनसिनाटीच्या गॅरी स्कॉट डेव्हिस नांवाच्या तरुणानें 'स्केट फेट' हें स्वतःचें चोपडें सुरू केलें, आणि त्याच्यासारखीं अनेक चोपडीं फोटोकॉपीच्या यंत्रांतून गांवोगांव बाहेर पडूं लागलीं. व्यापारी उठून गेल्यावर मागें जे राहिले ते खरे खेळणारे. ते आपसांत जसें बोलत तसेंच त्यांनीं लिहिलें. समजावून सांगावें असा तिसरा वाचक त्यांना नव्हताच.

मराठींत हस्तलिखित मासिकांची हौस कांहीं कमी नव्हती. शाळाशाळांतून तीं निघत. रंगीत पेन्सिलींनीं काढलेला सूर्योदय, मुख्याध्यापकांचा आशीर्वाद, 'माझा आवडता कवि', आणि शेवटीं कोडें. आम्ही विद्यार्थी असतांना एका शाळेच्या अशाच हस्तलिखितांत भात लावणीवरचा एक लेख आला होता. लिहिणारा कुणब्याचा मुलगा. त्यानें 'वाईच' लिहिलें होतें, 'व्हाळ' लिहिला होता. तपासणाऱ्या गुरुजींनीं 'वाईच'चें 'किंचित्' केलें, 'व्हाळा'चा 'ओढा' केला, आणि लेख छान वळणदार अक्षरांत पुन्हा लिहवून घेतला. लेख शुद्ध झाला. त्यांतला पाऊस तेवढा गेला. त्या मुलानें पुढें कधीं लेख दिला नाहीं.

यानंतर मुंबईंत जें घडलें तें वाङ्मयाच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. अशोक शहाणे यांनीं १९६३ मध्यें 'असो' काढलें. त्याच्या आगेमागें चक्रमुद्रित, अल्पायुषी, बहुधा पदरमोड करून काढलेलीं अनियतकालिकें पुष्कळच निघालीं. त्यांतल्या मंडळींनीं १९६९ मध्यें 'सत्यकथे'चा अंकही जाळला. अंक जाळणें आम्हांला कधींच रुचलें नाहीं, मग तो कोणाचाही असो. परंतु त्या चोपड्यांनीं जी वाट मोकळी केली ती नाकारतां येणार नाहीं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ सालीं आला, तेव्हां कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतले शब्द पाहून सदाशिव पेठेनें कोश उघडले, आणि कोशांत ते सांपडेनात. आज तेंच पुस्तक विद्यापीठांत अभ्यासिलें जातें.

कोकणची बोली छापली गेलीच नाहीं असें मात्र नव्हे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) मध्यें दापोलीकडची माणसें आपल्याच तोंडानें बोलतात. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकानें १९८० पासून मालवणीला रंगभूमीवर सिंहासन दिलें. पण बारकाईनें पाहिलें तर बोलीला जी जागा मिळाली ती पात्राच्या तोंडांत, अवतरणचिन्हांच्या गडग्याच्या आंत. गडग्याबाहेर लेखक स्वतः बोलूं लागला कीं भाषा पुन्हा इस्त्रीची. नाटकांत बोली आली ती बहुधा हंसविण्यासाठीं. राहतां राहिली आमची संगमेश्वरी. तिच्या वांट्याला नमन-खेळ्यांतला सोंगाड्या आला, आणि ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा सातवा खंड आला. १९०५ सालच्या त्या जाडजूड ग्रंथांत संगमेश्वरी, चित्पावनी इत्यादि कोकणी वळणाच्या बोलींची नोंद आहे. नमुन्यादाखल ठिकठिकाणीं बायबलांतली उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलींत उतरवून घेतलेली. आमची बोली टिपून ठेवावी असें एका सरकारी पाहणीला वाटलें. मराठी मासिकांना तें सुचावयास फार वेळ लागला.

आमच्यापुढच्या वहींत नेमका हा गडगाच नाहीं. संपादकीय बोलींत, सूचना बोलींत, किंमतीचा मजकूरही बोलींत. कोणीही पात्र नाहीं, कोणाला हंसविण्याचा हेतु नाहीं. तांबडी पेन्सिल खिशांत राहिली ती यामुळें. एक शब्द दुरुस्त करूं गेलें तर सगळेच करावे लागतील, आणि सगळे केले तर वही उरणार नाहीं.

पण घरांत आम्ही एकटेच वाचक नव्हतों. सूनबाईंनीं वही चाळली आणि त्या गंभीर झाल्या. "बाबा, हें कोणीं शाळेच्या ग्रूपवर टाकलें तर? पुण्यांत हा असाच बोलूं लागला तर त्याला काय म्हणतील, तुम्हांला ठाऊक आहे ना?" ठाऊक कसें नसेल? ज्यांनीं बोलीपायीं कधीं मान खालीं घातली नाहीं त्यांनीं या भीतीला हंसावें. आम्हांला हंसूं येत नाहीं. दुसरा आक्षेप अंकाच्या नांवावर होता. तें नांव म्हणजे आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या खोडकर नातवंडाला मायेनें जी शिवी देतात ती. माया आम्हांला ऐकूं येते. छापल्यावर उरते ती शिवी. येथें आम्हीं सूनबाईंची बाजू घेतली. म्हणून नांव येथें देत नाहीं. मुलांनीं तें बदललें नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगावयास हवें.

गांव तरी कोणतें? ज्या गांवीं १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असतां सावरकरांनीं भाषाशुद्धीचा शंख फुंकला, तें हें रत्नागिरी. त्यांचे 'दिनांक' आणि 'महापौर' आज साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं आहेत. शब्द घडविण्याची त्यांची हातोटी कोणीं नाकारावी? पण ज्या हापुसाच्या नांवानें हें गांव ओळखलें जातें तो हापूस कोण, हें कोणी विचारीत नाहीं. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याचें नांव त्या कलमी आंब्याला पडलें असें सांगतात; त्या 'अफोन्सो'चें बोलतां बोलतां 'हापूस' झालें. बटाटा, काजू, चावी, घमेलें यांनीं तर दारावर नांवही न सांगतां माजघर गांठलें. याउलट घडविलेले शब्द. त्यांना आधीं पत्रिका लागते, मग मुहूर्त, मग कोणी तरी मान्यता द्यावी लागते.

नातवाच्या इंग्रजी शब्दांपैकीं मुलांनीं जसाच्या तसा ठेवलेला एक म्हणजे 'ओली'. फळीला हात न लावतां फळीसकट उडी मारण्याची ती करामत. फ्लॉरिडांत १९७८ च्या सुमारास अ‍ॅलन गेलफंड नांवाच्या मुलानें ती साधली. त्याचें टोपणनांव 'ओली', तेंच उडीचें नांव झालें. मुलांनीं तो शब्द कां ठेवला हें आम्हीं विचारलें, तेव्हां तांडेलाचा मुलगा म्हणाला, "ओली म्हणजे भिजलेली ना? उडी मारून खालीं आलां कीं अंग घामानां ओलां." फ्लॉरिडाचा मुलगा गेला, आमच्या दर्यावरचा घाम राहिला. अफोन्सोचें झालें तेंच. नातवानें त्याला खरी व्युत्पत्ति सांगून पाहिली; ती कोणाच्याही लक्षांत राहिली नाहीं.

त्याच्या या 'खालीं आलां', 'ओलां' मधल्या अनुस्वाराकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. वहींत ते सर्वत्र आहेत, आणि मुद्दाम दिलेले आहेत. आम्ही ज्या काळीं लिहावयास शिकलों त्या काळीं 'केलें', 'झालें', 'घरांत' असे अनुस्वार देणें हेंच शुद्धलेखन होतें. १९६२ च्या नियमांनीं ते काढून टाकले. कारण असें कीं त्यांचा उच्चार होत नाहीं. आम्हीं शाळेंत नवे नियम इमानानें शिकविले. घरीं हात जुन्याच वळणावर राहिला, हें या लेखावरून वाचकांनीं ओळखलें असेल. पण उच्चार होत नाहीं तो कोठें? पुण्यांत होत नसेल. मिरकरवाड्यांत आजही नाकांतून स्पष्ट ऐकूं येतो. ज्या मुलाला १९६२ चे नियम ठाऊक नाहींत आणि त्यापूर्वींचेही नाहींत, त्यानें केवळ कानावर भरंवसा ठेवून ते टिंब पुन्हा दिलें. आम्हीं चाळीस वर्गांच्या वह्यांतून जें खोडलें तें त्याच्या वहींत जागच्या जागीं बसलेलें पाहून, खरें सांगावयाचें तर, पान उलटावयास आम्हांस थोडा वेळ लागला.

तिसऱ्या दिवशीं वही नातवाला परत दिली. "चुका किती निघाल्या?" त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, "तारीख चुकली आहे, मे महिन्याला एकतीस दिवस असतात."

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सूनबाईंचें माहेर देवरुखचें. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे त्या आईशीं फोनवर बोलतात, तेव्हां खोलीचें दार लोटून घेतात. बोलणें खाजगी असतें म्हणून नव्हे. दार कितीही लोटलें तरी संगमेश्वरीचा हेल पडवींत येतोच. वही दुकानांत जाण्याच्या आदल्या रात्रीं दार लोटलेलें नव्हतें. त्या पलंगावर बसून आईला वहींतला मजकूर वाचून दाखवीत होत्या, म्हशीपर्यंत आल्या होत्या, आणि पलीकडून म्हातारीचें हंसणें आम्हांला पडवींत ऐकूं येत होतें. मग मध्येंच थांबून त्यांनीं नातवाला हांक मारली, आमच्याकडून तांबडी पेन्सिल मागवून घेतली, आणि म्हणाल्या, "हें 'वाईच' कोणीं लिहिलें? आजी म्हणते, आमच्याकडे 'वायच' म्हणतात. नीट लिहा."